कप कोण धुणार?

काप्तेरेरच्या बाजारात तापकिगेनच्या चहाला एकच नियम होता: शेवटी राहील तो सगळ्यांचे कप धुईल.

गुरुवारी गुरांचा बाजार उठला की तिच्या पत्र्याच्या हॉटेलात पाय ठेवायला जागा नसे. सौदे उरकलेले दलाल, मटाटूचे, म्हणजे भाड्याच्या छोट्या बसचे ड्रायव्हर, मळ्यातून चहाची पानं खुडून आलेल्या बाया, सगळे बाकांवर खांद्याला खांदा लावून बसत. दूध, चहा नि साखर एकत्र रटरटत असलेलं पातेलं ती शेगडीवरून उतरवी आणि इनॅमलच्या कपांत ओतत जाई. शेवटचा कप भरला की हातातला डाव पातेल्यावर आपटे. ठण्! त्या आवाजासरशी सगळे कप तोंडाला. फुंकर मारायची नाही, कप खाली ठेवायचा नाही. जीभ पोळली तर ज्याची त्यानं सांभाळावी.

आमच्या डोंगरात पाहुण्याला कोमट चहा देणं म्हणजे 'निघा आता' असं तोंडावर सांगणं. एवढ्यावरून सोयरिकी मोडल्यात. चहा कसा हवा, तर गळ्यातून पोटापर्यंत कुठून कुठून चाललाय हे पिणाऱ्याला समजलं पाहिजे. तापकिगेनचा चहा तसा होता. आणि तो पिण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. साठी जवळ आली तरी ती धट्ट्याकट्ट्या ड्रायव्हरांना हरवी आणि रिकामा कप डोक्यावर उलटा धरून मिरवी. सगळा बाजार तिला कोगो म्हणे, म्हणजे आजी. पण आजीपणाचं तिच्यात फक्त वय होतं.

तिच्या खालोखाल नंबर लागे तो तिच्या नवऱ्याचा, अराप टोनुईचा, आणि त्याच्या खालोखाल अराप मोसोनिकचा; अराप म्हणजे अमक्याचा मुलगा, आमच्यात बाप्यांच्या नावाआधी लागतं. मोसोनिक गुरांचा दलाल, डोक्यावर कायम फेल्टची टोपी. तो आणि टोनुई एकाच वर्षी पोरवय संपवून रानातल्या झोपडीत राहिलेले, सुंतेच्या एकाच वस्ताऱ्याखालून गेलेले; आमच्यात हे नातं सख्ख्या भावाहून जवळचं. म्हणून तो तापकिगेनला वहिनी म्हणे आणि ती त्याला भाऊजी म्हणून चारचौघांत झोडपून काढी.

टोनुई गेला तो घशाच्या दुखण्यानं. आधी मांस उतरेना, मग मक्याच्या पिठाची उगाली उतरेना, मग नुसतं दूध, आणि शेवटी दूधही उलटून यायला लागलं. टेकडीवरच्या इस्पितळात नेलं तेव्हा अन्ननलिकेचा कॅन्सर पार फैलावला होता. त्यांनी आत जाळीची नळी बसवली, त्यावर तो काही आठवडे पेज प्यायला आणि गेला. आमच्याकडे असं घर शोधून सापडायचं नाही, ज्या घरातलं कुणी या दुखण्यानं गेलं नाही. जो तो इस्पितळात जाई तो अगदी शेवटी, आणि परत येई तो पेटीतून. त्यामुळे बाजारानं आपलं शास्त्र पक्कं करून टाकलं: नळी घातली की माणूस जातो.

तर गेल्या पावसाळ्यापासून एक नवल घडायला लागलं. अराप मोसोनिक हरायला लागला. नुसता हरेना, शेवटचा यायला लागला. डाव वाजला की हा कप नुसता उचले, त्यात बघे, परत मांडीवर टेकवी आणि शेजाऱ्याला एखाद्या बैलाच्या दातांची गोष्ट सांगत बसे. गोष्ट संपेपर्यंत बाकीच्यांचे कप रिकामे झालेले असत. मग काय, शंभर गुरांचा सौदा एका शब्दावर तोडणारा हा माणूस बाह्या सरसावून, टोपी न काढता, बादलीपाशी उकिडवा बसे आणि ड्रायव्हरांचे उष्टे कप घासे. बाजार पोट धरधरून हसे. सगळ्यांत मोठ्यानं तापकिगेन हसे.

"भाऊजी, कपाचा कान नीट घासा हं! बायकोला सांगू का, घरीही लावून घ्या कामाला म्हणून?"

"सांगा की. तुमच्यापेक्षा ती कमी ओरडते."

मग एका गुरुवारी तिला दिसलं की मोसोनिक मंदाझीचे, त्या तळलेल्या गोड पावाचे, बारीक बारीक तुकडे करतोय आणि एकेक चहात बुडवून, मऊ करून खातोय. तिचं हसू तिथंच आटलं. टोनुईचं सुरू झालं होतं ते असंच. मंदाझी बुडवून. तेव्हाही ती हसली होती, 'दात पडले का म्हातारबा?' म्हणून.

बाजार पांगल्यावर तिनं त्याला गाठलं.

"खरं सांगा, घशात काही अडकतं का?"

"तुमची जीभ अडकली तर बरं होईल."

"मस्करी नको. इस्पितळात चला माझ्याबरोबर."

"मला काही झालेलं नाही," तो बादलीत बघत म्हणाला, "आणि झालं असलं तरी त्या नळीपाशी मी जायचा नाही. टोनुईला मीच नेला होता."

आणि तो परत कप घासायला लागला. एक गेला होता. आता दुसऱ्याला डोळ्यांदेखत जाऊ द्यायचं नाही, हे तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

एमी बाजारात यायची ती थर्मामीटर घेऊन. एमी म्हणजे मका विकणाऱ्या बाईची लेक, टेकडीवरच्या इस्पितळात नर्स. डॉक्टरांनी या दुखण्याचं मूळ शोधायचं मोठं काम काढलं होतं आणि त्यात हिच्याकडे बाजार आले होते. ती लोकांच्या कपात त्याची तार बुडवी, आकडा टिपून घेई आणि प्रत्येकाला सांगे, "थोडा निवू द्या हो." लोक तिला चिडवत, "काय म्हणतोय चहा? गोळी देऊ का त्याला?" त्या गुरुवारी मात्र ती बाकावर चढली.

"नळी नळी म्हणून घाबरता ना? ही नळी वेगळी. बारीक असते, टोकाला कॅमेरा. काहीच होत नाही अशा माणसांना आम्ही बोलावतोय. आत एक तपकिरी औषध फवारायचं. चांगली त्वचा तपकिरी होते. कुठं बिघाड असेल तर तेवढीच जागा फिकी राहते. अशी जागा वेळेवर सापडली तर तोंडातूनच काढून टाकता येते, सुरी लावावी लागत नाही. आजवर तुम्ही आलात ते दार बंद झाल्यावर. एकदा उघडं असताना या की!"

"ज्याला काही होत नाही त्यानं नळी घालून घ्यायची?" एक ड्रायव्हर म्हणाला. "चोरीच झाली नाही त्या घरात पोलीस कशाला?"

हशा पिकला. एमीचा चेहरा पडला. आणि तेवढ्यात तापकिगेनला एक युक्ती सुचली. तिनं डाव उचलला नि पातेल्यावर असा हाणला की बाहेरच्या गाईंनी माना वर केल्या.

"मी जाते!"

एमी बाकावरून खाली उतरली.

"मी जाते आणि नळी घालून घेते. पण अराप मोसोनिक, मी जिवंत परत आले तर पुढची नळी तुमची. बोला!"

मोसोनिकनं टोपी मागं सरकवली, पुढं ओढली. भर बाजारात, जिवलगाच्या विधवेनं शब्द मागितलेला. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून कुणी कोंबडी घेतली नसती.

"आधी परत या तर खरं," तो पुटपुटला.

"शब्द?"

"शब्द."

इस्पितळात तिला कुशीवर निजवलं, घशात कडू फवारा मारून तो बधिर केला आणि दातांत एक कडं दिलं. झोपेचं औषध तिनं घेतलं नाही. "मला बघायचंय," असं तिनं आधीच बजावून ठेवलं होतं. आणि तिनं बघितलं! आयुष्यभर ज्या वाटेनं आग ओतली ती वाट समोरच्या पडद्यावर, ओली, गुलाबी, जिवंत हलणारी. तिला उलटी येत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण डोळे मिटायला ती तयार नव्हती. मग औषधाचा फवारा आला. छातीत चांगलंच पोळलं. वाट भराभर तपकिरी होत गेली आणि मधेच, रंगाऱ्याचा हात राहून गेलेल्या भिंतीसारखा, एक मक्याच्या दाण्याएवढा ठिपका फिका राहिला.

डॉक्टरबाईंनी नळी तिथंच थांबवली. मग म्हणाल्या, "इथला एक चिमटा तपासायला घेते हं."

त्या ठिपक्याचा विचार तापकिगेननं केला नाही. ती जिवंत होती, आणि बाजार भरायचा होता! मटाटूतून उतरली ती कप डोक्यावर धरावा तसे दोन्ही हात वर करूनच.

"टीव्हीवर आले मी! आतून! अगं बायांनो, आतून मी बाहेरच्यापेक्षा बरी दिसते!"

पानं खुडणाऱ्या बायांनी तिला घेरलं. दुखतं का? श्वास लागतो का? आत काय दिसतं? तिनं तोंड उघडून दाखवलं, नक्कल करून दाखवली, उलटीच्या आवाजासकट. त्या दुपारी एमीकडे नावं द्यायला मक्याच्या पोत्यांपर्यंत रांग लागली. चोर-पोलीसवाला ड्रायव्हरसुद्धा शेवटी येऊन उभा राहिला, इकडंतिकडं बघत. एकट्या मोसोनिकला दर आठवड्याला काहीतरी आडवं येई. कधी गाय व्यायलेली, कधी रस्ता चिखलाचा.

"शब्द दिलाय भाऊजी!"

"शब्द दिलाय, तारीख नाही दिली."

असं चाललं असताना एमी आली, ती थर्मामीटर न घेता. तापकिगेनला तिनं हॉटेलामागं सरपणापाशी नेलं.

"कोगो, तुमचा रिपोर्ट आला. त्या ठिपक्यात बी आहे."

"कसलं बी?"

"त्याच दुखण्याचं. पण अजून नुसतं वरच्या पापुद्र्यात. खाली मूळ धरलेलं नाही."

तापकिगेन ओंडक्यावर बसली. "टोनुईचं? मला? अगं, मला काहीसुद्धा होत नाही! आज सकाळी मी सगळ्यांना हरवलंय."

"म्हणूनच तर!" एमीनं तिचे दोन्ही हात धरले. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती. "म्हणूनच तर, कोगो! काही व्हायच्या आधी सापडलं. आम्ही वेळेवर पोचलो! हे वाक्य बोलायची पाळीच येत नाही हो आमच्यावर. मी धावत आले बसथांब्यापासून."

तापकिगेनला त्या आनंदात लगेच सामील होता येईना. तिनं विचारलं, "माझ्या चहानं होतं का गं हे?"

"खोटं नाही सांगत. नक्की अजून कुणालाच माहीत नाही. फार गरम चहाचा हात असावा असं वाटतं. पण दारूवर संशय आहे, आंबवलेल्या दुधाच्या, मुर्सिकच्या भोपळ्यातल्या कोळशावर आहे, घराण्याच्या रक्तावर आहे. तेच तर शोधतोय. तोवर निवू दिला तर कुणाचं काय जातं?"

ही गोष्ट तापकिगेननं एकट्या मोसोनिकला सांगितली. ठिपका काढायचा दिवस कुठला, तेवढं त्यानं विचारून घेतलं. ठरल्या दिवशी पहाटे मटाटूपाशी हजर, इस्त्रीचा कोट घालून.

"टोनुईच्या जागी मी येतो," तो म्हणाला. "आणि माझा शब्दही आजच फेडून टाकतो."

त्याला आधी आत घेतलं. तापकिगेन बाहेरच्या बाकावर बसून राहिली. आपल्या घशाचं ती विसरलीच होती; दाराकडे बघून देवाला नुसतं म्हणत होती, याला वाचव, उशीर झाला नसू दे. दार उघडलं आणि एमी जवळजवळ नाचतच बाहेर आली.

"स्वच्छ! वरपासून खालपर्यंत तपकिरी! एक ठिपका नाही!"

"स्वच्छ?" तापकिगेन उठून उभी राहिली. "मग हा मेला मंदाझी बुडवून का खातो?"

उत्तर मिळायच्या आत तिची पाळी आली. या वेळी तिला झोपवलं.

जाग आली तेव्हा डॉक्टरबाई उशाशी होत्या. हातात एक छोटी बाटली, तिच्यात साईच्या तुकड्यासारखं काहीतरी. "निघालं," त्या म्हणाल्या. "कडा पण तपासून बघू, आणि अधूनमधून यावं लागेल बघून घ्यायला. पण निघालंय." तापकिगेनला ओरडायचं होतं, सगळ्या डोंगरांना ऐकू जाईल असं. घशातून नुसती खरखर आली. आवाजच फुटेना.

मोसोनिक शेजारी येऊन बसला. त्याच्या घशाचा बधिरपणा गेला होता. तिनं त्याच्याकडे बोट केलं, मग मंदाझी बुडवल्याची खूण केली आणि भुवया चढवल्या. आयुष्यात पहिल्यांदा ती बोलू शकत नव्हती, आणि त्यालाही बहुधा तेच हवं होतं. त्यानं टोपी काढली. त्याला टक्कल होतं हे तिला तेव्हा कळलं.

"मंदाझी बुडवली की चहा लवकर निवतो," तो म्हणाला. "मी निववून पितो, वहिनी. चोरून. एमीनं गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदा सांगितलं ना, तेव्हापासून. टोनुईला शेवटी शेवटी मीच उचलून उन्हात ठेवायचो. वासरू त्याच्याहून जड लागतं. मला भीती बसली."

मग सांगायचं नाही का, असं तिनं हातानंच विचारलं.

"काय सांगणार? तुमच्या हॉटेलात बसून, तुमच्या चहाला मी भितो म्हणून? त्याचा अर्थ काय झाला असता? तुम्ही रात्रभर तोच विचार करत बसला असता. त्यापेक्षा कप धुणं सोपं होतं."

एवढे गुरुवार, एवढं हसणं, आणि हा माणूस बादलीपाशी गप्प.

"त्याला मी एकदा म्हटलं होतं," मोसोनिक टोपी फिरवत म्हणाला. "आजाराच्या कितीतरी आधी. अरे, जरा निवू दे की. तर म्हणाला, ती ओतते आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहते. थांबलो तर तिला वाटेल, आवडला नाही."

खरं होतं ते. ती तशीच उभी राहायची, डाव हातात धरून, रोज सकाळी, पहिला घोट तो घेईपर्यंत. आवडला का हे तिनं कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही; तो पिऊन टाकायचा आणि ती खूश व्हायची. आता तिला रडू आलं, आणि घसा इतका सोललेला की रडतानाही दुखत होतं. मोसोनिकनं तिला रडू दिलं.

तेवढ्यात आया चहा घेऊन आली. कोमट. इतका कोमट की कप गालाला लावून झोपावं. तापकिगेननं नाक मुरडलं, पण भूक लागली होती. घोट घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले. दुधाची चव होती! चहाला वास होता! आणि साखर! बापरे, केवढी ती साखर!

"भाऊजी," ती खरखरत म्हणाली, आणि तेच तिचे पहिले शब्द. "मी याच्या दुप्पट घालते. इतकी वर्षं. आणि एकाही गाढवाच्या जिभेला कळलं नाही!"

मोसोनिक असा हसला की नर्सनं दारातून डोकावून दम दिला.

पुढच्या नाही, त्याच्याही पुढच्या गुरुवारी हॉटेल उघडलं. दारापासून रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. तापकिगेननं कप भरले, डाव आपटला. ठण्! सगळ्यांचे हात कपाकडे गेले.

"हात खाली!" आवाज परत आला होता, पूर्वीसारखाच. "नियम बदललाय. आता आधी पिईल तो कप धुईल!"

गलका झाला. दोघेतिघे 'हा काय चहा आहे की आंघोळीचं पाणी' म्हणत उठून पलीकडच्या हॉटेलात गेले. बाकीचे बसले. माणसांनी भरलेलं ते खोपटं पहिल्यांदाच नुसतं कपांकडे बघत बसलं. वाफ वर जात होती. माणसं गुडघ्यांवर हात ठेवून एकमेकांवर नजर ठेवून होती. तो चोर-पोलीसवाला ड्रायव्हर सवयीनं कप उचलून मोकळा झाला, आणि असा आरडाओरडा झाला की बाहेर बैल बुजले. त्याला ओढतच बादलीपाशी नेला. मग बाया गप्पांना लागल्या. कुणी मुलाच्या शाळेचं काढलं, कुणी एमीकडच्या तपासणीचं. धीर सुटत गेला, एकेक कप उचलला गेला आणि एकेक जण ओरडायला लागला, "कोगो, साखर किती ही!"

शेवटी एकच कप भरलेला राहिला, मोसोनिकचा. त्याच्यावर साय धरली होती. तापकिगेन सवयीनं त्याच्यासमोर डाव घेऊन उभी होती, तोंडाकडे बघत. तो कप उचलेना. ते तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिनं डाव खाली ठेवला आणि बाकावर त्याच्या शेजारी बसली. ओतून झाल्यावर ती आजवर कधी बसली नव्हती.

"आवडला नाही का?" तिनं विचारलं.

"निवतोय अजून," मोसोनिक म्हणाला.

"निवू द्या की मग," ती म्हणाली. "सावकाश घ्या. मी काही मनावर घेत नाही."